संदेशांच्या वाटा : दळणवळणाच्या जाळ्यांतील मार्गनिवड आणि रचना

दळणवळणाचे जाळे टेलिफोनचे असो वा इंटरनेटचे, अभियंत्यापुढे दोन प्रश्न कायम उभे असतात. आज जे जाळे अस्तित्वात आहे त्यातून एखादा संदेश कोणत्या वाटेने न्यावा, हा पहिला. आणि उद्याच्या जाळ्यात कोठून कोठे तार टाकावी व तिची क्षमता किती ठेवावी, हा दुसरा. पहिल्याला मार्गनिवड म्हणतात, दुसऱ्याला जाळ्याची रचना. पहिल्याचे उत्तर यंत्राला सेकंदाच्या सूक्ष्म अंशात द्यावे लागते, तर दुसऱ्याचे उत्तर कचेरीत बसून, अंदाजपत्रक पुढे ठेवून, काही महिन्यांत किंवा वर्षांत दिले जाते. म्हणून अभ्यासक्रमांत हे दोन विषय बहुधा वेगवेगळ्या पुस्तकांत वाटले गेलेले दिसतात. ही वाटणी शिकवण्याच्या सोयीची असली तरी विषयाच्या स्वभावाला धरून नाही, कारण वाटा कशा निवडल्या जाणार हे ठरल्याखेरीज किती क्षमता पुरेल ते सांगता येत नाही, आणि क्षमता कोठे किती आहे हे ठाऊक असल्याखेरीज चांगली वाट कोणती ते ठरत नाही.

विषयाची खरी अडचण मात्र याहून खोल आहे. पुणे ते कोल्हापूर हे अंतर त्या रस्त्याने किती गाड्या गेल्या यावर अवलंबून नसते; जाळ्यात मात्र वाटेची लांबी म्हणजे संदेशाला लागणारा वेळ, आणि तो वेळ त्याच वाटेने आणखी किती संदेश निघाले आहेत यावर ठरतो. जी वाट जवळची म्हणून निवडावी ती, निवडल्यामुळेच, लांबची होऊन बसते. शिवाय ती लांबची झाल्याची बातमीही त्याच तारांवरून, काहीशी उशिराच पोहोचत असल्याने प्रत्येक निर्णय थोड्याफार शिळ्या माहितीवर घेतला जातो. या शास्त्राचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला तर अधिक चतुर यंत्रणा बांधल्याने जेवढी प्रगती झाली तेवढीच, किंबहुना काकणभर अधिक, यंत्रणेला हात आखडता घ्यायला शिकवल्याने झाली, असे दिसून येते. पुढील विवेचनाची मांडणी याच दृष्टीने केलेली आहे.

विवेचनाला लागणारी परिभाषा थोडकीच आहे. जेथे संदेश येतो, थांबतो किंवा वळवला जातो ते ठिकाण म्हणजे नोड. टेलिफोनच्या जाळ्यात ते एक्स्चेंज असते, इंटरनेटमध्ये राउटर. दोन नोडना जोडणारी तार, प्रकाशतंतू किंवा रेडिओसंपर्क म्हणजे दुवा, आणि दुव्यावरून एका सेकंदात जास्तीत जास्त जितकी माहिती जाऊ शकते ती त्याची क्षमता. कोणत्या नोडपासून कोणत्या नोडला किती माहिती जायची आहे हे दाखवणारा चौकोनी तक्ता, आडव्या ओळींत निघण्याची आणि उभ्या रकान्यांत पोहोचण्याची ठिकाणे घेऊन मांडला, की त्याला मागणीचा तक्ता म्हणतात. बहुतेक प्रमेयांत हा तक्ता ‘दिलेला आहे’ असे धरले जाते. व्यवहारात तो आयता कोणाच्याच हाती येत नाही. अनेकदा निरनिराळ्या दुव्यांवर मोजलेल्या भारावरून तो उलटा अंदाजाने काढावा लागतो, आणि दुव्यांच्या संख्येपेक्षा नोडच्या जोड्यांची संख्या सहसा पुष्कळ मोठी असल्याने तो अंदाज एकमेव असा निघत नाही.

या शास्त्राचा पाया टेलिफोनच्या काळात घातला गेला. कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे डॅनिश गणिती आग्नर क्रारुप एर्लांग यांनी १९०९ मध्ये असे दाखवले की एकमेकांशी संबंध नसलेल्या ग्राहकांचे फोन अनियमितपणे येत असले तरी त्या अनियमितपणालाही एक नियम असतो, आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूत्रांनी त्यांनी, ठरावीक भारासाठी किती लाइन लागतील, या प्रश्नाला नेमके उत्तर दिले. भाराचे एकक पुढे त्यांच्याच नावाने रूढ झाले : एक लाइन तासभर अखंड गुंतून राहिली तर तो एक एर्लांग भार, गर्दीच्या तासात सरासरी ४ मिनिटांचे ३० फोन आले तर एकूण संभाषण १२० मिनिटांचे, म्हणजे भार २ एर्लांग. शंभर फोनांपैकी एकाहून अधिक नाकारला जाऊ नये, अशी अट घातली तर १० लाइनींच्या गटावर जेमतेम ४.४६ एर्लांग भार टाकता येतो, म्हणजे निम्म्याहून अधिक लाइनी सरासरीने मोकळ्याच ठेवाव्या लागतात. पण १०० लाइनींच्या एकाच गटावर, त्याच अटीत, सुमारे ८४ एर्लांग भार खुशाल टाकता येतो. दहा-दहा लाइनींचे दहा सुटे गट मिळून ४५ एर्लांगसुद्धा पेलत नाहीत. तारा तेवढ्याच, खर्च जवळपास तेवढाच, तरी एकत्र केल्याने काम दुपटीच्या आसपास जाते, कारण एका ग्राहकाच्या गर्दीच्या क्षणी दुसऱ्याचा निवांत क्षण असतो आणि मोठ्या गटात हे चढउतार एकमेकांना पुष्कळसे भरून काढतात. लहान लहान प्रवाह गोळा करून जाड वाहिनीतून न्यावेत, हा रचनाशास्त्राचा पहिला कौल येथून मिळतो. त्याची दुसरी बाजू, म्हणजे जे एकत्र केले ते एकत्रच बंद पडते, ही पुढे येईल.

एर्लांगची सूत्रे दोन प्रकारच्या व्यवस्थांसाठी आहेत, आणि भारतातील टेलिफोन ग्राहकाने त्या दोन्ही अनुभवल्या आहेत. ट्रंक कॉल नोंदवून ठेवण्याची जुनी पद्धत ही प्रतीक्षेची व्यवस्था होती : लाइन मोकळी नसेल तर मागणी नाकारली जात नसे, ती रांगेत उभी राही, आणि ऑर्डिनरी, अर्जंट व लायटनिंग अशा चढत्या दरांच्या वर्गांमुळे त्या रांगेत कोणी कोणाच्या पुढे जायचे हेही ठरलेले असे. ऑपरेटरविना परगावचा नंबर थेट फिरवण्याची एसटीडी सेवा देशात प्रथम १९६० मध्ये कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान सुरू झाली आणि पुढे सर्वत्र पसरली, तशी ही व्यवस्था नकाराची झाली. या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त असल्याचे ध्वनिमुद्रित उत्तर ऐकवून यंत्र मोकळे होई. येथे सूत्राच्या एका गृहीतकाकडे लक्ष वेधले पाहिजे. नाकारलेला फोन कायमचा निघून जातो, असे एर्लांगचे नकाराचे सूत्र धरून चालते. प्रत्यक्षात ग्राहक रिसीव्हर न ठेवताच पुन्हा नंबर फिरवतो, त्या पुनःप्रयत्नांचा भार मूळ भारात मिसळतो आणि ऐन गर्दीत सूत्राने सांगितल्यापेक्षा अधिक फोन नाकारले जातात. गर्दीला दिलेला प्रतिसाद गर्दीच वाढवतो. हा प्रकार पुढे अनेक वेषांत पुन्हा भेटतो.

संगणकांच्या जाळ्यात संदेशाला सबंध लाइन राखून ठेवली जात नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतील रँड संस्थेत पॉल बॅरन यांनी आणि ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, संदेशाचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकडा सुटा पाठवण्याची कल्पना मांडली; त्या तुकड्याला पॅकेट हे नाव डेव्हिस यांनी दिले. पॅकेट प्रत्येक नोडवर पोहोचते, पुढचा दुवा मोकळा नसेल तर रांगेत थांबते आणि पाळी आली की निघते. दुव्यावरील भार आणि रांगेतील विलंब यांचे नाते सरळ रेषेचे नाही, आणि नवशिक्याची चूक बहुधा येथेच होते. सरासरी १५०० बाइटचे पॅकेट सेकंदाला १० मेगाबिट क्षमतेच्या दुव्यावर चढवण्यास १.२ मिलिसेकंद लागतात. पॅकेटे स्वैरपणे येतात व त्यांचे आकारही कमी-अधिक असतात असे धरले, तर दुवा निम्मा भरलेला असताना रांगेसह सरासरी विलंब २.४ मिलिसेकंद होतो, ९० टक्के भरलेला असताना १२ आणि ९९ टक्के भरलेला असताना १२०. शेवटच्या नऊ टक्क्यांसाठी दहापट किंमत मोजावी लागते. लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी हे गणित एका रांगेवरून सबंध जाळ्यावर नेले, आणि त्यासाठी एक धाडसी गृहीतक स्वीकारले : प्रत्येक नोडवर पॅकेटची लांबी जणू नव्याने, चिठ्ठी उचलल्याप्रमाणे, ठरते. हे उघडच खोटे आहे. पण दाट जाळ्यात त्याने येणारी उत्तरे प्रत्यक्षाच्या बऱ्यापैकी जवळ असतात, आणि त्यातूनच क्षमतावाटपाचा वर्गमुळाचा नियम निघतो. दर समान असतील तर प्रत्येक दुव्याला आधी त्याच्या भाराइतकी क्षमता द्यावी आणि उरलेली क्षमता भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाटावी. चौपट भाराच्या दुव्याला जास्तीची क्षमता चौपट नव्हे, दुप्पटच लागते.

वाट शोधण्याची गणिती साधने तोवर तयार झालेली होती. एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५६ मध्ये, अ‍ॅम्स्टरडॅममधील आर्मॅक या नव्या संगणकाचे सामर्थ्य सामान्य लोकांना पटावे म्हणून, नेदरलँड्समधील शहरांमधली जवळची वाट शोधण्याची रीत बसवली आणि १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली : उगमापासून सर्वांत जवळचा नोड आधी पक्का करायचा, त्याच्या आधाराने शेजाऱ्यांची अंतरे सुधारायची, मग उरलेल्यांतला सर्वांत जवळचा पक्का करायचा. या रीतीला सबंध नकाशा लागतो. रिचर्ड बेलमन आणि लेस्टर फोर्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या रीतीला तो लागत नाही. तेथे प्रत्येक नोड शेजाऱ्याने सांगितलेल्या अंतरात शेजाऱ्यापर्यंतचे स्वतःचे अंतर मिळवतो आणि बेरजांतली लहान ती निवडतो. पहिल्या रीतीत माहिती सर्वदूर पसरवावी लागते, दुसऱ्या रीतीत ऐकीव माहितीवर विश्वास टाकावा लागतो. अंतरे स्थिर असतील तर दोन्ही रीती निर्दोष आहेत. ती स्थिर नसली की काय होते, हे अर्पानेटच्या अनुभवातून कळले, आणि तो अनुभव काहीशा विस्ताराने पाहणे योग्य ठरेल.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशाने १९६९ मध्ये सुरू झालेल्या अर्पानेटमध्ये पहिली दहा वर्षे बेलमन–फोर्ड पद्धतीची मार्गनिवड होती. प्रत्येक नोड दर दोन-तृतीयांश सेकंदाला आपला अंतरांचा तक्ता शेजाऱ्यांना देई, आणि दुव्याचे अंतर म्हणजे त्या क्षणी त्याच्यापुढे उभी असलेली रांग. रांग क्षणाक्षणाला बदलत असल्याने हे माप फार चंचल होते, आणि एखादा दुवा तुटला की त्याची बातमी पोहोचेपर्यंत दोन शेजारी एकमेकांच्या जुन्या आकड्यांवर विसंबून पॅकेटे एकमेकांकडेच टोलवत राहत. १९७९ मध्ये ही रीत टाकून देण्यात आली. नव्या रीतीत प्रत्येक नोड आपल्या दुव्यांवरचा विलंब १० सेकंदांच्या सरासरीने मोजू लागला, त्यात लक्षणीय फरक पडला तर ती बातमी सबंध जाळ्यात पसरवू लागला आणि डाइक्स्ट्राच्या रीतीने आपल्या वाटा स्वतः काढू लागला. हलक्या भाराला ही व्यवस्था उत्तम चालली. भार वाढला तसे तिचे वैगुण्य उघडे पडले. जाळ्याच्या दोन भागांना जोडणारे दोनच दुवे आहेत असे समजा : पहिल्यावर गर्दी झाली की त्याचा मोजलेला विलंब वाढे, ती बातमी सर्वांना एकदमच मिळे, सर्वजण एकदमच दुसऱ्या दुव्याकडे वळत, पहिला ओस पडे, दुसरा तुंबे, आणि पुढच्या मोजणीनंतर सगळा लोंढा पुन्हा पहिल्याकडे येई. दोन दुव्यांची क्षमता असूनही कोणत्याही क्षणी काम एकाचेच होई. सेकंदाला ९.६ किलोबिटचा भरलेला दुवा ५६ किलोबिटच्या रिकाम्या दुव्याहून १२७ पट लांब भासू शके, इतका त्या मापाचा पल्ला ताणलेला होता.

१९८७ मध्ये अतुल खन्ना आणि जॉन झिंकी यांनी सुधारलेले माप वापरात आले, तेव्हा वाट शोधण्याच्या रीतीला हातही लावण्यात आला नाही. बदलले ते एवढेच की दुव्याला किती ओरडू द्यायचे याला मर्यादा घातली. कितीही भरला तरी दुवा रिकामा असतानाच्या तिपटीहून लांब दिसणार नाही, सर्वांत महाग आणि सर्वांत स्वस्त दुव्यांत सातपटीहून अधिक अंतर राहणार नाही, आणि एका फेरीत मापात होणारा बदलही थोडाच असेल. माहिती अशी जाणूनबुजून बोथट केल्यावर सगळा लोंढा एकदम न वळता थोडाथोडा वळू लागला आणि जाळे स्थिरावले. प्रत्येक पॅकेटला सर्वांत जवळची वाट मिळण्यापेक्षा सरासरी पॅकेटला बरी वाट मिळणे महत्त्वाचे, हे तत्त्व येथे प्रथमच इतक्या रोखठोकपणे अमलात आले.

बातमी सर्वदूर पसरवण्याच्या पद्धतीचा धोका त्याआधीच, २७ ऑक्टोबर १९८० रोजी, दिसून आला होता. नवी बातमी कोणती आणि जुनी कोणती हे कळावे म्हणून प्रत्येक बातमीला ० ते ६३ यांतला अनुक्रमांक दिला जाई. ६३ नंतर पुन्हा ०, आणि दोन अंकांपैकी जो या वर्तुळात अर्ध्या फेरीपर्यंत पुढे असेल तो नवा मानायचा. एका नोडच्या स्मृतीतील दोषाने काही बिट गळाले आणि एकाच नोडच्या नावाने ८, ४० आणि ४४ अशा तीन क्रमांकांच्या बातम्या फिरू लागल्या. ४० हा ८ हून नवा, ४४ हा ४० हून नवा, आणि वर्तुळामुळे ८ हा ४४ हूनही नवा. प्रत्येक बातमी आधीच्या बातमीला मोडीत काढीत सबंध जाळ्यात अखंड घुमत राहिली, नोड तीच पसरवण्यात गुंतून पडले आणि काही तास अर्पानेट निकामी झाले. एकाही नोडने नियम मोडला नव्हता.

वाट कितीही शहाणपणाने निवडली तरी टाकलेला भारच क्षमतेबाहेर असेल तर उपाय वाटेत नसतो. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावरील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्या दरम्यान माहितीचा वेग सेकंदाला ३२ किलोबिटांवरून ४० बिटांपर्यंत घसरला, कारण हरवलेली पॅकेटे पुन्हा पाठवण्याच्या घाईत संगणकांनी जाळे आणखी तुंबवले. एसटीडीच्या ग्राहकाचा पुनःप्रयत्न येथे यंत्रे करीत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये सांगितलेला उपाय असा की पॅकेट हरवले की पाठवणाऱ्याने आपला वेग झटकन घटवावा आणि मग सावकाश वाढवावा. फ्रँक केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याच प्रकारच्या वेगनियंत्रणाला भक्कम गणिती बैठक दिली : प्रत्येक दुवा आपल्या गर्दीनुसार एक किंमत सांगतो, प्रत्येक पाठवणारा ती पाहून आपली मागणी आवरतो, आणि कोणी मध्यवर्ती हिशेब न ठेवताही सबंध जाळे एका इष्टतम वाटपाकडे सरकते.

मात्र प्रत्येकाने स्वतःपुरती उत्तम वाट निवडली म्हणजे सर्वांचे भले होते, असे मुळीच नाही. जर्मन गणिती डीट्रिश ब्राएस यांनी १९६८ मध्ये रस्त्यांच्या संदर्भात दिलेले उदाहरण बोटांवर मोजून पाहता येते. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ६ एकके भार जायचा आहे आणि वाटा दोन आहेत. प्रत्येक वाटेचा एक तुकडा अरुंद, त्यावरचा वेळ भाराच्या दहापट, आणि दुसरा रुंद पण लांब, त्यावरचा वेळ ५० अधिक भार. भार निम्मा-निम्मा विभागला जातो आणि प्रत्येकाला ३० अधिक ५३, म्हणजे ८३ इतका वेळ लागतो. आता दोन्ही अरुंद तुकड्यांना जोडणारा एक नवा जोडरस्ता बांधला, त्यावरचा वेळ १० अधिक भार. प्रत्येकाला तिसरी, मधली वाट मोहक वाटते, आणि अखेर तिन्ही वाटांवर दोन-दोन एकके जाऊन समतोल साधतो तेव्हा अरुंद तुकड्यांवर ४ एकके असतात आणि तिन्ही वाटांना वेळ लागतो ९२. नव्या रस्त्याने सर्वांचेच नुकसान केले, आणि तरी एकट्याने जुन्या वाटेला परतून कोणाचाही लाभ होत नाही. केली यांनी जोएल कोहेन यांच्यासह १९९० मध्ये हाच विरोधाभास रांगांच्या जाळ्यातही घडतो हे दाखवले. टिम रफगार्डन आणि एव्हा टार्डोस यांनी २००२ मध्ये त्याला कुंपण घातले : विलंब भाराच्या सरळ प्रमाणात वाढत असेल, तर स्वार्थी निवडीने होणारा एकूण विलंब सर्वोत्तम विलंबाच्या चार-तृतीयांशाहून अधिक कधीच होत नाही. रांगांचा विलंब सरळ प्रमाणात वाढत नाही, हे आधीच सांगितलेले असल्याने या निकालाने व्यवहारी अभियंत्याने फार निश्चिंत होऊ नये.

टेलिफोनच्या जाळ्यांनी याच प्रश्नाला आपल्या परीने तोंड दिले. थेट वाट भरलेली असेल तर फोन तिसऱ्या एक्स्चेंजवरून वळवून न्यावा, ही कल्पना सोपी आणि फायद्याची आहे. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९८४ पासून तिचा मोठा उपयोग केला, कारण पूर्व किनाऱ्यावर सकाळची गर्दी असते तेव्हा पश्चिमेकडील कचेऱ्या उघडायच्या असतात आणि तिकडच्या लाइनी रिकाम्या असतात. देशभर एकच प्रमाणवेळ आणि जवळपास एकच कचेरीची वेळ असलेल्या भारतात हा लाभ देशांतर्गत जाळ्याला तितकासा मिळू शकत नाही. वळवलेला फोन दोन दुव्यांवर एकेक लाइन अडवतो. भार एका मर्यादेपलीकडे गेला की वळवलेले फोन थेट फोनांच्या जागा खातात, ते थेट फोन मग स्वतःच वळवले जातात, आणि जाळे अचानक अशा अवस्थेत घसरते की जवळजवळ प्रत्येक फोन दोन लाइनी खातो. भार पुन्हा थोडा कमी झाला तरी ते त्या अवस्थेतून चटकन बाहेर येत नाही. यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक दुव्यावरच्या शेवटच्या काही लाइनी फक्त थेट फोनांसाठी राखून ठेवणे. अगदी थोड्या राखीव लाइनींनी ही घसरण थांबते. रिचर्ड गिबन्स, केली आणि पीटर की यांनी ब्रिटिश टेलिकॉमसाठी सुचवलेल्या पद्धतीत तर माहिती गोळा करण्याचा खटाटोपही नाही : पर्यायी वाट यशस्वी ठरली तर पुढल्या वेळीही तीच घ्यायची, अयशस्वी ठरली तर तो फोन सोडून द्यायचा आणि पुढच्यासाठी दुसरा मध्यस्थ चिठ्ठी टाकून निवडायचा. इतक्या साध्या नियमाने मोठमोठ्या मोजणीयंत्रणांच्या तोडीचे काम होते, ही या क्षेत्रातील सर्वांत सुखद गोष्टींपैकी एक म्हणावी लागेल.

इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांत आज बहुतांशी अर्पानेटच्याच कुळातील रीत चालते, पण दुव्यांचे अंतर गर्दीनुसार आपोआप बदलत नाही. चालक त्याला एक स्थिर वजन देतो. ही वजने कशी निवडावीत म्हणजे सगळ्या वाटा मिळून भार नीट विभागला जाईल, हा प्रश्न बर्नार्ड फोर्ट्झ आणि मिक्केल थोरुप यांनी २००० साली हाताळला. सर्वोत्तम वजने शोधणे हे गणनाच्या दृष्टीने दुर्घट आहे, म्हणजे जाळे वाढले की संगणकालाही अचूक उत्तर वाजवी वेळात मिळण्याची आशा धरता येत नाही, असे त्यांनी सिद्ध केले. आणि लगेच हेही दाखवले की वजने थोडीथोडी बदलून पाहत चांगली ठेवायची आणि वाईट टाकायची, अशा साध्या शोधानेही एटी अँड टीच्या योजलेल्या जाळ्यासाठी जवळपास सर्वोत्तमाइतके उत्तर मिळते.

कंपन्यांच्या सीमेवर मात्र कमीत कमी विलंब हा निकषच गळून पडतो. तेथे बीजीपी नावाची संहिता चालते, आणि तिच्यात वाट ठरते ती कोण कोणाला पैसे देतो यावर. एकाच शहरातील दोन कंपन्यांनी आपसांत माहितीची देवघेव करण्याचा करार केला नसेल, तर त्यांच्या ग्राहकांमधले पॅकेट परदेशी फेरी मारून येते. भारतात हे सर्रास होत असे, आणि ते टाळण्यासाठीच २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही संस्था स्थापन करून मुंबईसह काही शहरांत समाईक देवघेवीची ठिकाणे उभारण्यात आली. या संहितेत शेजाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जात असल्याने एकाची चूक जगभर पसरू शकते : २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील सरकारी आदेशानुसार यूट्यूब देशापुरते बंद करताना काढलेली मार्गघोषणा सीमेबाहेर गळली, आणि सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागातील यूट्यूबची मागणी पाकिस्तानकडे जाऊन तेथेच विरली.

रचनेचा विचार करताना पहिला प्रश्न खर्चाचा असतो. ओटाकार बोरूव्का या चेक गणितीने १९२६ मध्ये मोराव्हियातील वीजजाळ्याच्या निमित्ताने, सर्व ठिकाणे कमीत कमी तारेत कशी जोडावीत, हा प्रश्न सोडवला. उत्तर वृक्षाच्या आकाराचे येते : कोणत्याही दोन ठिकाणांमध्ये नेमकी एकच वाट. स्वस्तात स्वस्त जाळे म्हणून ते आदर्श, आणि एक फांदी तुटली की त्यापलीकडचे सगळे तुटते म्हणून दळणवळणाला निरुपयोगी. एर्लांगच्या गणिताने सुचवलेले एकत्रीकरणही याच खड्ड्यात नेते. ८ मे १९८८ रोजी शिकागोजवळच्या हिन्सडेल येथील एका एक्स्चेंजला आग लागली तेव्हा तेथून जाणाऱ्या इतर गावांच्या लाइनीही मुक्या झाल्या. म्हणून प्रत्येक दोन ठिकाणांमध्ये किमान दोन, एकमेकींत कोठेही न मिसळणाऱ्या वाटा असाव्यात, अशी अट घातली जाते. प्रकाशतंतूंच्या कड्यांमध्ये ही अट सहज पाळता येते. कडे एका जागी तुटले की प्रवाह ५० मिलिसेकंदांच्या आसपास उलट दिशेने वळवला जातो, आणि त्याची किंमत म्हणून निम्मी क्षमता एरवी राखीव पडून राहते.

नकाशावर वेगळ्या दिसणाऱ्या दोन वाटा जमिनीवर वेगळ्या असतीलच असे नाही. भारताला पश्चिमेशी जोडणाऱ्या समुद्री केबलींपैकी बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्यावर, विशेषतः वर्सोवा परिसरात, उतरतात. पलीकडे त्या तांबड्या समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यातून जातात आणि इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रात शिरतात. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ दोन वेगवेगळ्या मालकांच्या केबली एकाच दिवशी तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. २०२४ च्या आरंभी तांबड्या समुद्रात पुन्हा एकाच सुमारास अनेक केबलींना इजा झाली. करारपत्रे निराळी, कंपन्या निराळ्या, समुद्रतळ एकच. एका धोक्याने एकत्र बाधित होणाऱ्या दुव्यांचे गट ओळखून त्यांपैकी दोन दुवे परस्परांचे पर्याय म्हणून कधीही न मोजणे, हा रचनेच्या गणिताचा आज अत्यावश्यक भाग झाला आहे. आणि ते गणित अवघड आहे यापेक्षा, त्याला लागणारी माहिती स्पर्धक कंपन्या एकमेकींना देत नाहीत, ही अडचण मोठी आहे.

अलीकडच्या दोन घडामोडींचा उल्लेख आवश्यक आहे. बेलकोर प्रयोगशाळेतील मोजणीवरून विल लेलँड आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात दाखवले की संगणकजाळ्यातील भार एर्लांगच्या टेलिफोनसारखा वागत नाही; मिलिसेकंदांपासून तासांपर्यंत कोणत्याही मापाने पाहिला तरी तो सारखाच खडबडीत दिसतो, आणि सरासरी काढून त्याचे चढउतार फारसे गुळगुळीत होत नाहीत. टेलिफोनच्या सूत्रांवर बेतलेले राखीव क्षमतेचे अंदाज त्यामुळे अपुरे पडू शकतात. दुसरी घडामोड उलट्या दिशेची आहे. गूगलने २०१३ मध्ये आपल्या माहितीकेंद्रांना जोडणाऱ्या बी-४ या जाळ्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात सबंध मार्गनिवड मध्यवर्ती संगणक करतात आणि एरवी ३०–४० टक्केच भरले जाणारे दुवे जवळजवळ पूर्ण भरून चालवले जातात. विकेंद्रित मार्गनिवडीचा काळ संपल्याचा पुरावा म्हणून याकडे पाहणे घाईचे होईल. त्या जाळ्यात भार टाकणाराही तोच आणि वाट देणाराही तोच आहे. कोणती माहिती दोन तास उशिरा गेली तरी चालेल हे त्याला ठाऊक असते आणि तिला तो थांबवू शकतो. सार्वजनिक इंटरनेटच्या चालकाला ग्राहकाच्या मागणीवर असा अधिकार नाही.

बिनतारी जाळ्यांचा विचार येथे मुद्दामच टाळला आहे, कारण तेथे एका दुव्यावरचे प्रक्षेपण शेजारच्या दुव्याची क्षमता घटवते आणि दुवा व क्षमता या संज्ञाच नव्याने बांधाव्या लागतात. पुढील प्रकरणांसाठी वाचकाला संभाव्यतेची प्राथमिक ओळख, आंशिक विकलनाची सवय आणि रेषीय समीकरणांची मांडणी एवढी तयारी पुरेल. आलेखसिद्धांतातील कल्पना जेथे लागतात तेथेच समजावून दिल्या आहेत. गणितात फार खोल शिरण्याची ज्यांची इच्छा नाही त्यांनी अर्पानेटची मार्गनिवड आणि टेलिफोनच्या पर्यायी वाटा हे भाग आधी वाचावेत आणि क्षमतावाटपाच्या सिद्धता दुसऱ्या वाचनासाठी ठेवाव्यात.